दाताखालची वादी

मित्रांनो, मी एक जुना बेसबॉलचा ग्लव्ह आहे. वय बारा वर्षं. आमच्या जातीत हे वय पेन्शनीचं. थंडीत माणसं हाताला जे लोकरीचे मोजे घालतात, त्यांच्याशी माझं नातं जोडू नका. ते गारवा अडवतात, मी चेंडू अडवायचो. शिवाय मी तोंड झाकायचो. माझी निम्मी कीर्ती या दुसऱ्या कामामुळेच आहे, आणि निम्मी नाचक्कीसुद्धा.

गेल्या जन्मी मी बैल होतो, नेब्रास्कात. त्या जन्मीचं मला काही आठवत नाही, पण करंगळीच्या बाजूला काटेरी तारेचा एक लांब ओरखडा आहे, त्यावरून स्वभाव फार गरीब नसावा. या ओरखड्यामुळे लिपोव्हा गावातल्या दुकानात मी कित्येक महिने खालच्या फळीवर पडून होतो. गिऱ्हाईक मला उचलायचं, ओरखडा पाहायचं आणि शेजारच्या गुळगुळीत ग्लव्हकडे वळायचं. मग एक दिवस एमिल कुबिचेक आले. त्यांनी चाळीस वर्षं घोड्यांची खोगिरं शिवली होती. त्यांनी मला नाकाशी धरून वास घेतला, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि सोबतच्या नातवाला सांगितलं, "हा बैल कुंपण ओलांडणारा होता. हाच घे."

नातवाचं नाव टोबिन. वय अठरा. लिपोव्ह्यात सगळेच आजोबांना देदा आणि आजीला बाबी म्हणतात, तसं तोही म्हणायचा. लूप रिव्हर कॉलेजच्या संघात त्याला शॉर्टस्टॉप म्हणून घेतलं होतं. मैदानात धावकाने एकामागून एक गाठायचे टप्पे असतात, त्यांना बेस म्हणतात; शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेचा राखणदार. सगळ्यात जास्त चेंडू तिकडे येतात आणि सगळ्यात जास्त नावंही त्यालाच ठेवली जातात. टोबिनला पुढे व्यावसायिक संघात खेळायचं होतं. लिपोव्ह्यातून आजवर एकच माणूस आपल्या कामात नावाजला होता, आणि तो दातांचा डॉक्टर होता.

मित्रांनो, नवा ग्लव्ह फळकुटासारखा ताठ असतो. त्याला मऊ करण्याच्या घरोघरी निरनिराळ्या रीती आहेत. कोणी ओव्हनमध्ये ठेवतं, कोणी वरून मोटार नेतं. देदा या दोन्ही प्रकारांना खून म्हणायचे. त्यांनी मला खोगिराचा साबण लावला, डुकराची चरबी चोळली, माझ्या पंजात एक चेंडू ठेवून सुतळीने करकचून बांधलं आणि व्लास्ताबाबींच्या गादीखाली सरकवलं. बाबी अंगाने भरभक्कम होत्या. नऊ दिवस मी त्यांच्याखाली काढले. दहाव्या दिवशी मी लोण्यासारखा मऊ झालो आणि बाबींची कंबर धरली. त्याबद्दल त्या आजही मला बोल लावतात, देदांना नाही.

पुढे टोबिनच्या बोटांची माझ्यात पाच घरं पडली. एकदा ती पडली की दुसऱ्या कोणी त्यात हात घालायचा नसतो. दात घासायचा ब्रश जसा कोणी उसना मागत नाही, तसं.

आता तोंडाकडे वळतो.

पहिल्या बेसवर उभा असलेला धावक पिचरने चेंडू टाकताच दुसऱ्या बेसकडे पळ काढतो, त्याला बेस चोरणं म्हणतात. या खेळात चोरी भरदिवसा होते आणि चोराचं नाव दुसऱ्या दिवशी कौतुकाने पेपरात येतं. चोर पकडायला दुसऱ्या बेसवर कोणीतरी धावून जावं लागतं. शॉर्टस्टॉपने जावं किंवा पलीकडच्या त्याच्या जोडीदाराने. एकानेच. दुसऱ्याने आपली जागा राखायची. कोण जाणार हे प्रत्येक चेंडूआधी शॉर्टस्टॉप ठरवतो आणि ग्लव्ह तोंडासमोर आडोशाला धरून जोडीदाराला खूण करतो. तोंड मिटलेलं असलं तर मी जातो. तोंड उघडं असलं तर तू जा. बाजूच्या जोडीदाराला तोंड दिसतं, समोरच्यांना फक्त ग्लव्ह. पद्धत साधी आहे आणि लाखो लोकांना जमते.

टोबिनला जमत नव्हती. त्याचं लक्ष एकाग्र झालं की जबडा आपोआप खाली यायचा. बारशाच्या फोटोपासून शाळेच्या शेवटच्या फोटोपर्यंत तो सगळीकडे आ वासून उभा आहे. देदा त्याला लहानपणापासून एकच सांगत आले होते, "टोबी, तोंड मीट. माश्यांना वाटेल घर भाड्याने द्यायचंय."

पहिल्याच मोसमात घरच्या मैदानावर व्हायचं ते झालं. टोबिनचा जोडीदार होता इझाया प्रुइट, ओमाहाचा, डावखुरा फलंदाज, जिभेला हाड नसलेला. आठवा डाव चालू होता, दोन्ही संघ बरोबरीत होते आणि पहिल्या बेसवरचा धावक पळायच्या बेतात होता. टोबिनने मला तोंडासमोर धरून ओठ घट्ट मिटले. मी जातो. मग पिचरने हात वर नेला, टोबिन एकाग्र झाला आणि जबडा खाली आला. प्रुइटने ते उघडं तोंड पाहिलं आणि तो निघाला. ठरल्याप्रमाणे टोबिनही निघाला. एकाच पाटावर दोन जावई यावेत तसे दोघे एकाच वेळी दुसऱ्या बेसवर पोचले आणि एकमेकांकडे पाहत राहिले. तेवढ्यात टोबिनने नुकत्याच सोडलेल्या जागेतून फलंदाजाने मारलेला चेंडू रमतगमत मागे निघून गेला. त्याला काही घाई नव्हती. सामना गेला.

प्रुइटने कपड्यांवरची माती झटकली आणि म्हणाला, "तू आवतण दिलंस म्हणून आलो. यजमानही येणार हे सांगायचं होतंस."

या खेळाच्या कायद्यात हातातून चेंडू सुटला तर चूक मांडतात, पण डोकं सुटलं तर मांडत नाहीत. त्यामुळे कागदोपत्री टोबिन निर्दोष राहिला. व्लास्ताबाबी प्रत्येक सामन्याला येऊन स्वतःच्या वहीत पेन्सिलीने खेळाची नोंद करायच्या. नातवाच्या हातून काही घडलं की समोर 'ऊन डोळ्यांत गेलं' असं लिहायचं, ही त्यांची जुनी पद्धत. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. तरी त्यांनी तेच लिहिलं.

प्रशिक्षक लिंडक्विस्ट थोडकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी टोबिनला बजावलं की तोंड शिवून ये, नाहीतर बाकावर बस. टोबिनने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. देदांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "शिवायचं असेल तर चिंता नाही. ते माझं कामच आहे."

त्यांनी टोबिनला नाही, मला शिवलं. मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी, त्यांनी वीतभर लांबीची चामड्याची एक वादी ओवली आणि तिचं टोक मोकळं सोडलं. तोंड मिटायचं असेल तेव्हा हे टोक दातांत धरायचं. मोकळा जबडा पडतो, पण ज्याच्यात काही धरलंय तो पडत नाही. घोड्याचा लगाम याच तत्त्वावर चालतो, असं देदा म्हणाले. घोड्याशी तुलना झाल्याचं टोबिनला फार वाईट वाटलं नाही. घोडे त्याच्यापेक्षा वेगाने पळतात हे त्याला माहीत होतं.

मित्रांनो, त्यानंतरची साडेतीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षं. टोबिनने वादी चावली की तो निघायचा. वादी लोंबती राहिली की प्रुइट निघायचा. जमिनीलगत येणारे चेंडू मी असे टिपायचो की मागच्या खेळाडूंना उभ्याउभ्या कंटाळा यायचा. प्रुइट सुट्टीत लिपोव्ह्याला यायचा आणि बाबींचे खसखशीचे कोलाचे बशीभर खायचा. भाजलेली ती गोड, फुगीर पोळी एका घासात जाते की दोन, यावर त्याची आणि टोबिनची पैज लागायची. एका घासात जाते. मी साक्षीदार आहे.

शेवटच्या वर्षी बर्ल योकम नावाचे एक वृद्ध गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन येऊ लागले. व्यावसायिक संघांसाठी पोरं हेरणं हे त्यांचं काम. ते सूर्यफुलाच्या बिया चघळत बसायचे आणि चेहऱ्यावर काही दाखवायचे नाहीत. एका सामन्यानंतर त्यांनी मला पाहायला मागितलं. रीतीप्रमाणे आत हात घातला नाही. नुसतं दाबून पाहिलं, वादीवरच्या खुणा निरखल्या आणि विचारलं, "हे दात कोणाचे?"

टोबिन म्हणाला, "माझेच."

"बरं. कुत्र्याचे असते तर नाव खोडलं असतं."

मग निवडीचे दिवस आले. देशातले सगळे संघ पाळीपाळीने पोरांची नावं पुकारतात, अशा वीस फेऱ्या होतात. अकराव्या फेरीत प्रुइटचं नाव आलं. कुबिचेकांच्या स्वयंपाकघरात टेबलाच्या मधोमध फोन ठेवला होता आणि सगळे त्याच्याभोवती देव बसवल्यासारखे बसले होते. विसाव्या फेरीपर्यंत तो एकदाच वाजला. दातांच्या डॉक्टरकडून होता, मंगळवारची वेळ लक्षात आहे ना म्हणून.

टोबिनचं नाव कोणी घेतलं नाही. कोलाचे तसेच राहिले. त्या घरात असं पूर्वी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी योकमांचा फोन आला. निवड झाली नसली तरी सगळ्यात खालच्या पायरीवरच्या एका संघात शॉर्टस्टॉपची अर्धी जागा आहे, असं ते म्हणाले. अर्धी म्हणजे त्या जागेवर आधीच एक जण आहे, दोघांतला एक मोसमाच्या मध्याला घरी जाईल. टोबिन हो म्हणाला तेव्हा योकमांचं वाक्य पुरं व्हायचं होतं.

संघाचं नाव मिलर्स बेंड मस्करॅट्स. मस्करॅट म्हणजे पाणउंदीर. मोठ्या शहरांतले संघ छातीवर गरुड आणि वाघ मिरवतात. खालच्या पायरीवर उंदरापासून सुरुवात करावी लागते. टोबिनला त्या उंदराचा इतका अभिमान वाटला की तो पहिल्या दिवशी तोच सदरा घालून किराणा आणायला गेला.

आणि इथे माझे वाईट दिवस आले. एका कंपनीने सगळ्या खेळाडूंना नवे ग्लव्ह वाटले, लालभडक, वर सोनेरी अक्षरं. टोबिनने नव्यालाही वादी लावायला हवी होती. पण व्यावसायिक माणसाने ग्लव्ह चावणं त्याला कमीपणाचं वाटलं. उंदराचा सदरा घालताना वाटलं नव्हतं. माणसाला लाज कुठे वाटेल याला काही नियम नाही. मी पिशवीच्या तळाशी गेलो, पायमोज्यांच्या शेजारी. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. ते जिंकण्याच्या काळात धुतले जात नसत, आणि संघ बऱ्यापैकी जिंकत होता.

टोबिनचा नवा जोडीदार येफ्री, डॉमिनिकन, हसरा. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि टोबिनला स्पॅनिश. दोघांची एकच समाईक भाषा होती, उघडं तोंड आणि मिटलेलं तोंड. त्यातही टोबिन अशुद्ध बोलायचा. महिन्याभरात दोघे तीनदा एकाच बेसवर भेटले. चौथ्या भेटीनंतर मॅनेजर किन्योनेस यांनी टोबिनला खोलीत बोलावलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "रविवारच्या सामन्यानंतर एकाला घरी पाठवायचंय. दुसऱ्या पोराचा हात तुझ्याइतका चांगला नाही. पण तो बेसवर एकटा जातो."

टोबिनने घरी फोन लावला. देदांनी सगळं ऐकून घेतलं.

"वादी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"पिशवीत."

"मग तोंड ताळ्यावर कसं असेल?"

अशा रीतीने मी पायमोज्यांतून वर आलो. टोबिनने मला पुसलं, तेल लावलं आणि वादीचं टोक दातांत धरून पाहिलं. ती त्याच्या दातांना ओळखत होती.

शुक्रवारपासून सलगम नावाच्या संघाशी तीन सामने होते. नावावर जाऊ नका, ते भाजीचं असलं तरी संघ दणकट होता. आणि त्यांच्याकडून खेळत होता इझाया प्रुइट. मैदानावर पाहताच त्याने टोबिनला उचललं आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "तुझा बैल अजून जिवंत आहे?" मला बरं वाटलं. ते बरं वाटणं दोन तास टिकलं.

शुक्रवारी टोबिनने वादी चावली, धावक पळाला, टोबिन बेसकडे निघाला, आणि फलंदाजाने चेंडू अलगद त्याच्या रिकाम्या जागेतून काढला. योगायोग असेल. शनिवारी पुन्हा तसंच झालं, आणि त्या फटक्यावर सामना गेला. किन्योनेस म्हणाले, "तू दुर्दैवी आहेस की अडाणी, ते उद्या ठरवू."

रविवारी सकाळी देदा आणि बाबी रात्रभर, नऊ तास गाडी चालवून आले. बाबींच्या काखेत वही आणि मांडीवर कोलाच्यांचा डबा. दोन्ही सामने बाबींनी इंटरनेटच्या रेडिओवर ऐकून वहीत उतरवले होते. त्यांनी ती टोबिनपुढे उघडून धरली.

"दोन्ही वेळा फलंदाज कोण होता बघ. इझाया. डावखुरा पोरगा नेहमी उजवीकडे मारतो, आणि नेमका तुझ्या रिकाम्या जागेत डावीकडे मारतो. माझ्या हातचं खाल्लंय त्याने."

मग माझ्या लक्षात आलं, मित्रांनो, आणि माझं चामडं गार पडलं. टोबिनचं तोंड मी झाकत होतो हे खरं, पण वादी माझ्या बाहेरच्या अंगाला लोंबत होती. ती दिसली तर टोबिन थांबणार, आणि दिसेनाशी झाली तर तोंडात गेली, म्हणजे टोबिन निघणार. इतर कोणाला हे कळायचं कारण नव्हतं. पण प्रुइटने साडेतीन वर्षं रोज ती वादी पाहिली होती. ज्याने गुपित राखायचं तोच चुगली करत होता. आणि तो मी होतो.

देदांनी खिशातून चाकू काढला. "कापून टाकतो."

टोबिनने मला छातीशी धरलं. "नको. ती नसली तर माझं तोंड पडतं, देदा."

"मग ती चावून खोटं बोल. तोंड मिटून बोललेलं खोटं सगळ्यात सोपं. मी पन्नास वर्षं करतोय."

बाबींनी वहीतून मान वर केली नाही.

टोबिनने येफ्रीला शोधून काढलं आणि बाकावर सूर्यफुलाच्या दोन बिया मांडल्या. एक तू, एक मी. वादी दातांत धरली आणि आपली बी जागच्या जागी ठेवून येफ्रीची बी पुढे सरकवली. आज सगळं उलटं. येफ्रीने बियांकडे पाहिलं, टोबिनकडे पाहिलं आणि मान हलवून दोन्ही बिया खाऊन टाकल्या. करार झाला.

त्या दुपारी मस्करॅट्स एका धावेने पुढे होते. शेवटचा डाव. सलगमांचा एक जण बाद, एक धावक पहिल्या बेसवर, आणि फलंदाजीला प्रुइट. वरच्या आसनांवर बाबींनी पेन्सिलीला टोक काढलं.

टोबिनने मला तोंडासमोर धरलं आणि वादी चावली. इतक्या जोराने, की त्या खुणा अजून माझ्याकडे आहेत. पन्नास पावलांवर उभ्या प्रुइटची नजर मला जाणवली. तो चेहऱ्याकडे पाहत नव्हता, माझ्या मनगटाकडे पाहत होता. वादी नाही. म्हणजे टोबिन निघणार. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मला मात्र एकच दिसत होतं. येफ्री निघाला की उजवीकडची सगळी बाजू मोकळी, आणि डावखुऱ्या माणसाचा हात स्वभावाने तिकडेच जातो. प्रुइटला आपल्या स्वभावापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास असेल तरच आम्ही वाचणार होतो.

पिचरने चेंडू टाकला. धावक सुटला. येफ्री दुसऱ्या बेसकडे धावला. प्रुइटने बॅट उशिरा आणली आणि चेंडू सरळ शॉर्टस्टॉपच्या रिकाम्या जागेकडे मारला.

जागा रिकामी नव्हती. टोबिन तिथेच उभा होता, दातांत वादी घेऊन. चेंडू छातीच्या उंचीवर आला आणि माझ्या पंजात असा बसला, जसा नऊ दिवस बाबींच्या गादीखाली बसला होता. प्रुइट बाद. धावक दुसऱ्या बेसच्या अर्ध्या वाटेवर पोचला होता. झेल झाला तर त्याला परत पहिल्या बेसवर यावं लागतं. तो वळला आणि जीव तोडून पळाला. टोबिनचा चेंडू त्याच्याआधी पोचला. दोघे बाद, आधीचा धरून तिघे, आणि तिघांवर डाव संपतो. सामना संपला.

येफ्री येऊन टोबिनच्या पाठीवर बसला आणि स्पॅनिशमध्ये बरंच काही बोलला. त्या वेळी ते सगळ्यांना समजलं. टोबिनच्या दातांत वादी अजून तशीच होती. सोडायची राहूनच गेली होती.

प्रुइट हळूहळू चालत आला. त्याने माझ्यावर एक टिचकी मारली.

"या बैलाने मला फसवलं," तो म्हणाला.

"तूच आधी चोरलंस," टोबिन म्हणाला. दातांत वादी असल्याने ते जरा बोबडं आलं.

"चोरलं. पण माझ्या संघात कोणाला सांगितलं नाही. घरातली चोरी घरातल्या माणसानेच करायची असते." मग त्याने वर आसनांकडे पाहिलं. "बाबींनी डबा आणलाय ना?"

आणला होता. बाबींनी त्याला आधी चार शब्द सुनावले आणि मग चार कोलाचे दिले. वहीत प्रुइटच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'ऊन डोळ्यांत गेलं'. घरचं माणूस म्हणून.

किन्योनेस यांनी टोबिनला घरी पाठवलं नाही. दुसऱ्या पोरालाही पाठवलं नाही, त्याला दुसऱ्या बेसचं काम शिकवलं. पुढच्या वर्षी टोबिन एक पायरी वर गेला, मग आणखी एक. आता त्याच्या छातीवर बहिरी ससाणा आहे. गरुड अजून दोन पायऱ्या लांब आहे, पण निदान पक्ष्यांपर्यंत मजल गेली.

मी तीन वर्षांपूर्वी थकलो. पंजाची शिवण गेली, चामडं कागदासारखं झालं. देदांनी तीनदा दुरुस्त केलं, चौथ्यांदा मान हलवली. मग त्यांनी माझी वादी सोडवून टोबिनच्या नव्या ग्लव्हला शिवली. तीच, दातांच्या खुणांसकट. या वेळी आतल्या अंगाला. माणूस ऐंशीव्या वर्षीही शिकतो.

मित्रांनो, माझ्यासारखं कोणी तुमच्या घरात असेल तर त्याला उन्हात मोटारीत टाकू नका, हीटरवर वाळवू नका, महिन्यातून एकदा बोटभर तेल द्या. एवढ्यावर आम्ही फार वर्षं काढतो. आणि तुमच्या माणसांपैकी कोणाचा जबडा पडत असेल, तर त्याला बाकावर बसवण्याआधी एकदा त्याच्या दाताखाली काहीतरी द्या. देदांना त्यासाठी वीतभर चामडं लागलं होतं.

मी आता लिपोव्ह्यात त्यांच्या कामाच्या टेबलावर असतो. वादी नसल्यामुळे माझाच पंजा सैल पडतो आणि मी आ वासून पडून राहतो. देदा येता-जाता थांबतात, माझ्यात एक जुना चेंडू ठेवतात, माझी बोटं त्यावर मिटवतात आणि म्हणतात, "तोंड मीट. माश्यांना वाटेल घर भाड्याने द्यायचंय."